राखेच्या जिओलाइटवर निकेल-मॉलिब्डेनम: डिझेलमधला सल्फर निघेल का?

प्रश्न थोडक्यात असा. नागपुरात एम.टेक. करणाऱ्या एका विद्यार्थिनीनं कोराडी वीज केंद्राच्या फ्लाय अ‍ॅशपासून फॉजासाइट प्रकारचा जिओलाइट (सूक्ष्म छिद्रांचं अ‍ॅल्युमिनोसिलिकेट स्फटिक) बनवला. त्यावर निकेल आणि मॉलिब्डेनम चढवलं आणि डोडेकेनमध्ये विरघळवलेल्या डायबेन्झोथायोफिन या सल्फरयुक्त रेणूवर छोट्या ऑटोक्लेव्हमध्ये (बंद दाबपात्रात) हायड्रोजनच्या दाबाखाली चाचणी घेतली. सुरुवातीला ५०० पीपीएम सल्फर होता, शेवटी ५० राहिला. ‘नव्वद टक्के सल्फर निघाला. रिफायनरीत अ‍ॅल्युमिनावरचा (म्हणजे अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडवरचा) जो उत्प्रेरक वापरतात त्याला हा स्वस्त पर्याय आहे, असं प्रबंधात लिहू का?’

उत्तर:

असं लिहू नका. तुमचं काम वाया गेलेलं नाही, त्यातून चांगला प्रबंध उभा राहू शकतो. पण हा दावा पहिल्याच प्रश्नाला कोसळेल, आणि तो का कोसळेल हे समजून घेतलंत तर पुढचं काम कुठल्या दिशेनं न्यायचं हेही कळेल.

आधी आकडा घेऊ. हायड्रोट्रीटिंगमध्ये, म्हणजे हायड्रोजननं सल्फर काढण्याच्या प्रक्रियेत, किती टक्के गेला हे कुणी विचारत नाही, किती उरला हे विचारतात. देशभर १ एप्रिल २०१७ पासून बीएस-४ लागू झालं, त्यात डिझेलमध्ये ५० पीपीएम सल्फर चालत होता. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि मर्यादा १० पीपीएमवर आली. म्हणजे तुमचा उत्प्रेरक जिथे थांबला ती जुनी मर्यादा आहे. ५०० वरून १० वर यायला ९८ टक्के लागतात. शिवाय रिफायनरीत सुरुवात ५०० पासून होतच नाही. कच्च्या तेलातून थेट निघालेल्या डिझेल कटमध्ये सल्फर एक टक्का, म्हणजे १०,००० पीपीएम असणं ही नेहमीची गोष्ट आहे. तिथून १० वर यायचं म्हणजे ९९.९ टक्के.

अभिक्रिया पहिल्या कोटीची (वेग उरलेल्या सल्फरच्या प्रमाणात) धरली तर लागणारा वेळ नैसर्गिक लॉगरिदमच्या प्रमाणात वाढतो: ९० टक्क्यांना २.३, ९८ टक्क्यांना ३.९, ९९.९ टक्क्यांना ६.९. तुम्हाला नव्वद टक्क्यांना दोन तास लागले असतील तर ९९.९ ला सहा तास लागतील. तेही शेवटचा सल्फर पहिल्याइतक्याच सहज निघतो असं धरून. खऱ्या डिझेलमध्ये तो तसा निघत नाही, आणि सगळी अडचण तिथेच आहे.

डिझेलमधला सल्फर एकजिनसी नसतो. मर्कॅप्टन आणि सल्फाइड लगेच जातात. थायोफिन आणि बेन्झोथायोफिन त्यानंतर जातात. डायबेन्झोथायोफिन, म्हणजे आपल्या बोलण्यातलं डीबीटी, जास्त वेळ घेतं. सगळ्यात शेवटी उरतं ते ४,६-डायमिथाइल डीबीटी आणि त्याची भावंडं. डीबीटीतला सल्फर मॉलिब्डेनम सल्फाइडच्या थराच्या कडेवर थेट टेकू शकतो. मग कार्बन-सल्फर बंध तुटतो आणि बायफिनाइल मिळतं. ही थेट वाट. ४ आणि ६ या जागांवर मिथाइल गट आले की ते सल्फरच्या दोन्ही बाजूंना आडवे येतात आणि थेट वाट जवळजवळ बंद होते. मग आधी एका बेन्झिन कड्यात हायड्रोजन भरावा लागतो. कड्याचा सपाटपणा गेला की सल्फर मोकळा होतो आणि मग तो काढता येतो. ही हायड्रोजनेशनची वाट. दहा पीपीएमच्या खाली जायचं तर याच वाटेनं जावं लागतं. म्हणून अतिशुद्ध डिझेलसाठी, युनिटचा हायड्रोजनचा दाब पुरेसा असेल तिथे, कोबाल्ट-मॉलिब्डेनमपेक्षा निकेल-मॉलिब्डेनमला पसंती मिळते.

जिओलाइट इथे तिसरी वाट उघडतो. त्याच्या आम्ल जागा मिथाइल गटाला ४ किंवा ६ वरून उचलून ३, २ किंवा १ वर नेतात, किंवा शेजारच्या रेणूवर टाकतात. आडोसा गेला की तोच रेणू साध्या डीबीटीसारखा वागू लागतो. माझ्या मते डिझेलच्या सल्फरसाठी धातूखाली जिओलाइट घालण्याचं हे एकमेव भक्कम कारण आहे. पृष्ठफळ मोठं असतं हे कारण शोधनिबंधांत नेहमी दिलेलं असतं, पण अ‍ॅल्युमिनाचं पृष्ठफळही या कामाला पुरेसं असतं. प्लॅटिनम किंवा पॅलेडियमसारखे मौल्यवान धातू वापरले तर दुसराही फायदा आहे. आम्लधर्मी जिओलाइटवर या धातूंच्या कणांतले इलेक्ट्रॉन थोडे ओढले जातात आणि ते सल्फरनं लवकर मरत नाहीत. पण ते दुसऱ्या टप्प्याचं काम, बहुतेक सल्फर आधीच काढून झाल्यावरचं.

आता तुमच्याकडे वळतो. तुमच्या जिओलाइटमध्ये ही आम्लता आहे का?

फ्लाय अ‍ॅश कॉस्टिक सोड्याबरोबर ५५० अंशांच्या आसपास भाजायची, पाण्यात कालवून मुरू द्यायची आणि मग ९० ते १०० अंशांवर स्फटिक वाढवायचे, ही पद्धत नागपूरला नवी नाही. नीरीत (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेत) फ्लाय अ‍ॅशच्या जिओलाइटवर पूर्वीच काम झालेलं आहे. ते जरूर वाचा, आणि शक्य असेल तर तिथे जाऊन बोला. पण या पद्धतीनं मिळतो तो सोडियमचा जिओलाइट. जिथे आम्ल प्रोटॉन बसायला हवा तिथे सोडियम बसलेला असतो. म्हणजे ज्या कारणासाठी जिओलाइट निवडायचा तेच कारण तुमच्या नमुन्यात नाही. अमोनिया टीपीडी आणि पिरिडीन लावून इन्फ्रारेड, या आम्लता मोजणाऱ्या दोन चाचण्या केल्याशिवाय प्रबंधात आम्लता हा शब्द वापरू नका.

सोडियम काढता येतो. अमोनियम क्षाराच्या द्रावणात ८० अंशांवर तीनेक वेळा विनिमय करायचा, धुवायचं आणि ५०० अंशांवर भाजायचं. अमोनियम नायट्रेट मात्र घेऊ नका. २०१२ च्या नियमांनंतर त्याची खरेदी आणि साठवण परवान्याच्या कक्षेत आली आहे. परवाना देणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय आपल्याच शहरात आहे हे खरं, पण अमोनियम क्लोराइडनं काम तितकंच होतं. खरी काळजी वेगळी आहे. राखेतून बहुतेक वेळा फॉजासाइटचा एक्स प्रकार मिळतो, वाय प्रकार नाही. सिलिकॉन-अ‍ॅल्युमिनियमचं प्रमाण दीडच्या आत असेल तर तो एक्स. एक्सला आम्ल रूपात आणून भाजलं की त्याची चौकट ढासळते. भाजण्याआधीचा आणि नंतरचा एक्सआरडी (क्ष-किरण विवर्तन) एकाच आलेखावर ठेवा. शिखरं बुटकी होऊन मधे रुंद फुगवटा आला असेल तर तुमच्या हातात जिओलाइट राहिलेला नाही, अनाकार सिलिका-अ‍ॅल्युमिना आहे. राखेतलं क्वार्ट्झ, म्युलाइट आणि लोह उरलेलं असतं ते वेगळंच. लोहाचं मोजमाप द्या, कारण लोह स्वतः थोडंफार काम करतं आणि कोकही (कार्बनचा थर) वाढवतं.

पुढचा भाग धातू चढवण्याचा. इथे अनेक प्रबंध घसरतात, म्हणून जरा थांबून लिहितो.

निकेल आणि मॉलिब्डेनम एकाच द्रावणातून जिओलाइटवर टाकले की दोघंही छिद्रांत जाऊन शेजारी बसतील, असं आपण गृहीत धरतो. पण निकेल पाण्यात धन आयन असतं. ते सोडियमची जागा घेतं आणि आत शिरतं. भाजताना पाणी उडालं की ते आणखी आत सरकतं, फॉजासाइटच्या षटकोनी प्रिझममध्ये जाऊन बसतं. तिथे ना हायड्रोजन सल्फाइड नीट पोहोचतो, ना डीबीटी. त्यामुळे वजनात ते दिसतं, पण सल्फाइड होत नाही आणि कामालाही येत नाही. मॉलिब्डेनमचं उलट. अमोनियम हेप्टामॉलिब्डेटमधला मॉलिब्डेट हा मोठा ऋण आयन आहे. जिओलाइटची चौकट स्वतः ऋणभारित, त्यामुळे विनिमयानं तो आत जाऊच शकत नाही. तो स्फटिकांच्या बाहेरच्या पृष्ठभागावर सुकतो आणि भाजल्यावर तिथेच मॉलिब्डेनम ट्रायऑक्साइडचे ढेकूळ होतात. एक्सआरडीत १२.८, २३.४, २५.७ आणि २७.३ अंशांना बारीक, टोकदार शिखरं दिसली तर हे घडलं आहे. परिणाम असा की निकेल आत, मॉलिब्डेनम बाहेर. खरं काम करते ती मॉलिब्डेनम सल्फाइडच्या कडेवर निकेल बसून तयार होणारी रचना. तिच्यासाठी दोघं शेजारी लागतात. अ‍ॅल्युमिनावर हे आपोआप जमतं, कारण मॉलिब्डेट तिथल्या हायड्रॉक्सिल गटांना धरून पसरतो.

याला उपाय आहेत. मॉलिब्डेनम हेक्झाकार्बोनिलची वाफ वापरून मॉलिब्डेनम छिद्रांत नेता येतं, पण ते विषारी आहे आणि तुमच्या प्रयोगशाळेत मी ते सुचवणार नाही. साधा उपाय म्हणजे जिओलाइटला धातूचा एकमेव आधार न करता अ‍ॅल्युमिनात मिसळणं: मोठा भाग अ‍ॅल्युमिना, थोडा भाग आम्ल रूपातला वाय किंवा बीटा जिओलाइट, आणि धातू मुख्यतः अ‍ॅल्युमिनावर. मिथाइल गट हलवायला थोडी आम्लता पुरते. जास्त झाली तर डिझेल तुटून नॅफ्था आणि गॅस होतो आणि उत्प्रेरकावर कोक चढतो.

आता तुमच्या नव्वद टक्क्यांकडे परत येतो. तो सल्फर खरंच हायड्रोजननं निघाला का, की जिओलाइटनं नुसता धरून ठेवला? हिशेब करा. समजा ५० ग्रॅम तेल आणि १ ग्रॅम उत्प्रेरक घेतलात. ५०० पीपीएमनं त्या तेलात २५ मिलिग्रॅम सल्फर आहे. डोडेकेनसारख्या अ‍ॅरोमॅटिक (बेन्झिन कडं असलेले रेणू) नसलेल्या तेलात एक ग्रॅम फॉजासाइटनं १० मिलिग्रॅम सल्फर शोषून धरणं अशक्य नाही. म्हणजे तेलातला चाळीस टक्के सल्फर अभिक्रिया न होताच गायब झालेला दिसू शकतो. अभिक्रियेच्या तापमानाला हे शोषण कमी होतं, पण तुम्ही ऑटोक्लेव्ह थंड करून नमुना काढता तेव्हा ते पुन्हा वाढतं. म्हणून गॅस क्रोमॅटोग्राफवर डीबीटीचं शिखर किती घटलं एवढंच पाहू नका. बायफिनाइल (थेट वाटेचं उत्पादन) आणि सायक्लोहेक्झिल बेन्झिन (हायड्रोजनेशनच्या वाटेचं) किती आलं ते पाहा आणि मोलांचा ताळा लावा. गेलेल्या डीबीटीइतके मोल उत्पादनांत सापडले तर अभिक्रिया झाली. या दोघांचं गुणोत्तर थेट वाट किती चालली आणि हायड्रोजनेशनची किती, तेही सांगतं. सोबत नुसता जिओलाइट, धातूशिवाय, त्याच परिस्थितीत चालवा. ही चाचणी नसेल तर मी परीक्षक म्हणून पहिला प्रश्न तोच विचारेन.

चाचणीआधी तुम्ही सल्फायडिंग केलं होतं का, हे प्रश्नात लिहिलेलं नाही. ऑक्साइड रूपातला निकेल-मॉलिब्डेनम हा कामाचा उत्प्रेरक नव्हे. हायड्रोजनमध्ये मिसळलेला हायड्रोजन सल्फाइड किंवा डायमिथाइल डायसल्फाइड वापरून ३२० ते ३५० अंशांपर्यंत सावकाश नेऊन त्याचं सल्फाइड करावं लागतं. या कामात सुरक्षेला तडजोड नाही. बाहेर पडणारा वायू कॉस्टिकच्या द्रावणातून न्या, फ्युम हूडचा पंखा चालू आहे हे आधी तपासा, एकट्यानं प्रयोग करू नका. सडक्या अंड्यांचा वास येतो तोवर सुरक्षित, असं समजू नका. १०० पीपीएमच्या आसपास नाकच बधिर होतं आणि वास थांबल्यासारखा वाटतो, तीच धोक्याची वेळ असते. वापरलेला सल्फाइड उत्प्रेरक गरम असताना हवेत उघडू नका, तो पेट घेऊ शकतो.

छिद्रांच्या आकाराबद्दल थोडक्यात. वायच्या पोकळीचं दार ०.७४ नॅनोमीटर आहे. डीबीटी त्यातून जातं, पण घासत. मिथाइल गट वाढले की आणखी अडतं. झेडएसएम-५ चं दार साधारण ०.५५ नॅनोमीटर, तिथे डीबीटीला प्रवेशच नाही. डिझेलसाठी झेडएसएम-५ वर धातू चढवून सल्फर काढण्याचा विषय कुणी सुचवला तर हे दाखवून द्या.

यापेक्षा मोठी अडचण नायट्रोजनची आहे आणि मॉडेल तेलात, म्हणजे तुमच्या डोडेकेनसारख्या बनवलेल्या तेलात, ती दिसतच नाही. खऱ्या डिझेल कटमध्ये क्विनोलिन, अ‍ॅक्रिडिन, कार्बाझोल असतात. पहिले दोघे क्षारधर्मी आहेत. ते आम्ल जागेवर जाऊन बसतात आणि उठत नाहीत. ज्या आम्लतेसाठी जिओलाइट घेतला ती पहिल्या काही तासांत संपते. हायड्रोक्रॅकरकडे (जड तेल हायड्रोजनखाली तोडणाऱ्या युनिटकडे) पाहा: तिथे निकेल-मॉलिब्डेनम किंवा निकेल-टंगस्टन, सोबत वाय जिओलाइट आणि अ‍ॅल्युमिना, असा उत्प्रेरक उद्योगात सर्रास वापरतात. पण त्याच्या आधी हायड्रोट्रीटिंगचा थर असतो आणि त्याचं मुख्य काम नायट्रोजन खाली आणणं हे असतं. जिओलाइटवरचा धातू रिफायनरीत चालतो का, तर चालतो, आधी त्याच्यासाठी तेल साफ करून दिलं तर.

म्हणून चाचणीचं तेल बदला. पण इथे एक पेच आहे. वर्धा रोडवरच्या पंपावरून डिझेल आणलंत तर ते बीएस-६ आहे, त्यात काढायला सल्फर जवळजवळ नाहीच. नागपुरात रिफायनरी नाही. प्रक्रिया न केलेला कट हवा असेल तर मुंबई किंवा बीना इथल्या रिफायनरीला विभागप्रमुखांच्या सहीनं रीतसर पत्र लिहावं लागेल. नमुना मिळेपर्यंत मधला मार्ग असा: पंपाचं डिझेल माध्यम म्हणून घ्या आणि सल्फर आपण घाला. डीबीटीचा रेणूभार १८४, त्यात सल्फर १७.४ टक्के. एक किलो तेलात ५०० पीपीएम सल्फर हवा तर २.८७ ग्रॅम डीबीटी लागेल. त्यातला काही भाग ४,६-डायमिथाइल डीबीटी असू द्या. ते महाग आहे, पण थोडं पुरतं आणि प्रश्नाचा गाभा तेच आहे. पंपाच्या डिझेलमध्ये अ‍ॅरोमॅटिक खरे असतात, पण नायट्रोजन हायड्रोट्रीटरमध्ये निघून गेलेला असतो. तेव्हा क्विनोलिन आणि कार्बाझोलही मोजून घाला, आणि नायट्रोजनसह व नायट्रोजनशिवाय अशा दोन्ही चाचण्या शेजारी मांडा. सल्फर मोजायला साधं एक्सआरएफ यंत्र, म्हणजे एएसटीएम डी-४२९४, दहा पीपीएमजवळ भरवशाचं नाही. अल्ट्राव्हायोलेट फ्लुओरेसन्स, म्हणजे डी-५४५३, जिथे असेल तिथे नमुने पाठवा.

शेवटी, या राखेच्या जिओलाइटचं काय करायचं? तुमच्या जागी मी हायड्रोजनचा नाद सोडून तो शोषणाकडे वळवला असता. सोडियमचा एक्स आम्लासाठी निरुपयोगी आहे, पण आयन विनिमयासाठी उत्तम, कारण अ‍ॅल्युमिनियम जास्त म्हणजे विनिमयाच्या जागा जास्त. मिशिगन विद्यापीठात राल्फ यांग आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवलं की वाय जिओलाइटमध्ये तांबं घालून ते एक-संयुजी रूपात आणलं की साध्या तापमानाला, साध्या दाबाला, हायड्रोजनशिवाय थायोफिन वर्गातले रेणू तेलातून धरले जातात. तांबं थायोफिनच्या पाय (π) इलेक्ट्रॉनांशी सैलसर बंध जोडतं. तो निवड करता येईल इतका पक्का आणि उष्णतेनं सोडवता येईल इतका हलका असतो. तांब्याच्या क्षारानं विनिमय करायचा आणि निष्क्रिय वायूत ४५० अंशांवर तापवायचं की द्विसंयुजी तांबं बऱ्याच प्रमाणात एक-संयुजी होतं.

पण क्षमतेबाबत हात राखून बोला. एक ग्रॅमनं १० मिलिग्रॅम सल्फर धरला असं मानू. १२,००० लिटरच्या टँकरमध्ये जवळपास दहा टन डिझेल. ५०० पीपीएमनं त्यात पाच किलो सल्फर. तो धरायला एका टँकरमागे ५०० किलो जिओलाइट, आणि मग त्याचं पुनरुज्जीवन. एवढ्या व्यापाला हायड्रोट्रीटरच परवडतो. हेच तेल आधीच १० पीपीएमचं असेल तर त्याच टँकरला दहा किलो पुरतो. म्हणून ही पद्धत शेवटच्या दहा पीपीएमची आहे, इंधन घटासाठी (फ्युएल सेल) हायड्रोजन बनवणाऱ्या रिफॉर्मरला लागतं तसं एक पीपीएमच्या खालचं इंधन तयार करण्याची. तुमच्या प्रबंधाचा दावा तिथे बसवा.

तिथेही दोन गोष्टी निकाल ठरवतील. एक अ‍ॅरोमॅटिक. बीएस-६ पेट्रोलमध्ये ते ३५ टक्क्यांपर्यंत चालतात आणि तांब्यासाठी तेही उमेदवारच आहेत. डोडेकेनमधली क्षमता आणि टोल्युइन घातल्यावरची क्षमता, दोन्ही छापा. दुसरी ओल. फॉजासाइट हवेतून स्वतःच्या वजनाच्या पंचवीस टक्क्यांपर्यंत पाणी घेतो. जुलै-ऑगस्टमध्ये नागपूरच्या हवेत उघड्या वॉच ग्लासवर ठेवलेला नमुना वजन करेपर्यंत बदललेला असतो. एक ग्रॅम म्हणून तुम्ही ०.८ ग्रॅमच टाकता, आणि आतलं एक-संयुजी तांबंही दमट हवेत टिकत नाही. नमुना स्तंभातच (भरलेल्या नळीतच) तापवा, निष्क्रिय वायूतच थंड करा आणि हवा न लागता त्यावर तेल सोडा. मग ब्रेकथ्रू वक्र काढा: बाहेर येणाऱ्या तेलात पहिल्यांदा १ पीपीएम सल्फर कधी दिसला, तोवर किती मिलिलिटर गेलं, आणि तोच स्तंभ हवेत भाजून पुन्हा तांबं एक-संयुजी केल्यावर दुसऱ्या, तिसऱ्या आणि पाचव्या फेरीत तो आकडा किती उरला.